उत्तरा-हस्ताचं पाणी रानातच मुरवा

सोलापूरच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी तगते ती सप्टेंबरात जमिनीत मुरलेल्या ओलीवर. पण उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस आता येतो तो तासा-दोन तासांत कोसळून, आणि रान मोकळं असेल तर माती घेऊनच ओढ्याला जातो. म्हणून पेरणीआधी बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी मातीचा वरंबा असलेले चौकोन, कराच. सारायंत्राने साधारण 12 बाय 12 फुटांचे वाफे पाडा, उतार जास्त असेल तर याहून लहान. कुळवाची पाळी घालून झाली की लगेच उरकून घ्या, पावसाने गाठल्यावर चिखलात औत चालत नाही. एवढं एकच काम झालं तरी मला समाधान वाटेल.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. फार आधी पेरलं तर कोवळा पोंगा पोखरणारी खोडमाशी गाठते, उशीर केला तर कणसात दाणा भरताना ओल संपते. बियाणं मात्र शेजाऱ्याने काय आणलं ते पाहून घेऊ नका, कुदळीने एक खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते आधी बघा. हलक्या म्हणजे उथळ मातीच्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली हे वाण, मध्यम रानाला फुले सुचित्रा, खोल मातीच्या भारी रानाला फुले वसुधा. मालदांडी 35-1 ची भाकरी आवडत असेल तर मध्यम रानात तीच पेरा, त्यात काही चुकत नाही. काणी हा कणसावरचा बुरशीचा रोग टाळायला किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम गंधक चोळा, त्यानंतर ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत. खत आणि बी दोन चाड्यांच्या पाभरीने (पेरणीच्या औताने) एकाच वेळी पडू द्या, वरून फेकलेला युरिया कोरडवाहूत वायाच जातो.

पुढे कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती हलवणं, चुकवू नका: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्याने. तण नसलं तरी करा. भेगा बुजल्या की ओल उडत नाही.

हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो पुढच्या पाच दिवसांचा अंदाज धरून असतो, त्यावर पेरणीचा दिवस ठरवा. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारताना नुसतं ‘कोणतं बी पेरू?’ एवढ्यावर थांबू नका. मातीची खोली, शेवटचा पाऊस कधी झाला आणि मागचं पीक कोणतं होतं, एवढं सांगितलंत तर उत्तर तुमच्या रानापुरतं मिळेल.

उसाचं रान असेल तर पाचट पेटवू नका. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, ते सरीत दाबून ठेवा, पाण्याची एखादी पाळी वाचते.