एक्सलोडचा आलेख बिघडलाय? आधी अपटाइम चालवून बघा

युनिक्स वर्कस्टेशनच्या कोपऱ्यात एक्सलोडची (मशीनवरच्या कामाच्या भाराचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रामची) छोटी खिडकी उघडी ठेवायची सवय लागली, की ती कोरी दिसताच जीव खालीवर होतो. घाबरू नका. टर्मिनलवर अपटाइम ही कमांड द्या. ओळीच्या शेवटी तीन आकडे येतात: १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी लोड, म्हणजे चालू असलेल्या किंवा सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेसची संख्या. एक्सलोड यातल्या पहिल्याचाच आलेख काढतो. आकडा हलतोय आणि आलेख नाही, तर दोष खिडकीचा.

खिडकी उघडतच नसेल तर डिस्प्ले हे (खिडकी कोणत्या पडद्यावर उघडायची ते सांगणारं) व्हेरिएबल तपासा. एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या कमांडने) दुसऱ्या मशीनवर गेला असाल, तर ते हाताने भरत बसू नका. बाहेर पडा, एसएसएचला डॅश आणि कॅपिटल एक्स लावून परत लॉगिन करा. एसएसएच स्वतःच ते भरतं.

जुन्या युनिक्सवर भानगड बहुधा परवानगीची असते. तिथे एक्सलोड लोडचा आकडा थेट कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) मेमरीतून, केमेम नावाच्या डिव्हाइस फाइलमधून उचलतो. रूटला (सर्वाधिकारी यूजरला) चालतो आणि तुम्हाला नाही? मग एलएस डॅश एलने प्रोग्रामचा ग्रुप आणि सेटजीआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या ग्रुपच्या परवानगीने चालवणारी खूण) पाहा. वैतागून केमेमच सगळ्यांना वाचायला खुली करणारे भेटतात. तसं करू नका, त्या मेमरीत इतरांचे पासवर्डही सापडू शकतात. लिनक्सवर ही कटकट नाही. तिथे प्रॉक या (सिस्टमची माहिती देणाऱ्या) डिरेक्टरीतली लोडअ‍ॅव्हजी फाइल कोणालाही वाचता येते.

आलेख सपाट आहे? कदाचित मशीन खरंच निवांत असेल. येस (न थांबता तेच अक्षर छापत राहणाऱ्या) कमांडचं आउटपुट देव-नलकडे (सगळं गिळून टाकणाऱ्या डिव्हाइस फाइलकडे) वळवून ती चालू राहू द्या. एक्सलोड दर १० सेकंदांनी नवा आकडा घेतो, त्यामुळे चढ हळूहळू दिसतो: निवांत मशीनवर मिनिटभराने ०.६३ च्या आसपास, पुढे १ कडे. खात्री पटली की कंट्रोल-सी दाबून येस थांबवा.

अचानक आडव्या रेषा आल्या तर तोही बिघाड नाही. लोड १ च्या वर गेला की आलेख दबतो आणि प्रत्येक पूर्ण अंकाला एक रेष पडते. चार कोअर असतील तर तीन रेषांनी काही बिघडत नाही. रेषा सारख्या येऊन-जाऊन त्रास देत असतील तर एक्सलोडच्या स्केल पर्यायाला (आलेखाच्या किमान उंचीला) ४ द्या.

लिनक्सवर एक चकवा मात्र आहे: लोड ८, आणि टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सीपीयू रिकामा. पीएस कमांडच्या स्टॅट (प्रोसेसची स्थिती) रकान्यात डी शोधा. हे प्रोसेस डिस्कची किंवा अडकलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स पुरवणाऱ्या) सर्व्हरची वाट पाहत असतात, आणि लिनक्स त्यांनाही लोडमध्ये धरतं. किल डॅश ९ (प्रोसेस सक्तीने बंद करणारी कमांड) सुद्धा अनेकदा वाया जातं. सर्व्हर शुद्धीवर आला की आलेख आपसूक उतरतो.