पगारी रजेची नवी मोजणी: २६ आठवडे तेच, आकडा मात्र बदलतो

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि बाळंतपणाच्या रजेचे नियम १९६१ च्या कायद्यातून सामाजिक सुरक्षा संहितेत आले. आठवडे तेच राहिले: २६, आणि आधीची दोन हयात मुले असतील तर १२. बदलली ती 'वेतना'ची व्याख्या, आणि पगारपत्रक करणाऱ्याचा हात चुकतो तो इथेच.

एक उदाहरण घ्या. पगार ६०,०००. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता २०,०००, आणि नव्या व्याख्येत वगळले जाणारे घरभाडे व प्रवासभत्ता ४०,०००. वगळायचे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याच्या, म्हणजे ३०,००० च्या वर गेले, की वरचे १०,००० वेतनात परत धरायचे. वेतन झाले ३०,०००. जुन्या कायद्यात घरभाड्यासारखे रोख भत्तेही वेतनातच होते, म्हणजे रजेवरच्या महिलेला साठ हजारांच्या हिशेबाने पैसे मिळाले असते. संहिता किमान रक्कम ठरवते, जास्त द्यायला मनाई करत नाही. आमचे स्पष्ट मत: रजेच्या धोरणात 'एकूण पगारावर' असे लिहून टाका. घरात तान्हे बाळ असताना कुणाचा पगार निम्मा करू नये.

रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांची दैनिक सरासरी काढा आणि तिला १८२ ने गुणा, १५६ ने नव्हे. रविवारही धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम (जास्तीत जास्त ८ आठवडे) डॉक्टरांच्या दाखल्यावर आगाऊ द्यायची, उरलेली जन्माचा पुरावा आल्यापासून ४८ तासांत. रजेचा अर्ज उशिरा आला म्हणून हक्क जात नाही.

हे सगळे राज्य कामगार विम्याबाहेरच्यांसाठी (ESIC). विमाधारक महिलेला रक्कम विमा महामंडळ देते, म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांनी आधी हजेरीपटाचे दोन भाग करावेत. विम्याची वेतनमर्यादा महिना २१,००० आहे. ही यादीही नव्या व्याख्येने पुन्हा तपासा.

दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये वेगळाच घोळ होतो. हंगामी बाईला 'सलग नव्हती' म्हणून नाकारतात. नियम सलगतेचा नाही: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरले पाहिजे, खंड पडला तरी. म्हणून हंगाम संपल्यावर हजेरीचे मस्टर टाकून देऊ नका. पाळणाघराचा नियम ५० कर्मचारी झाले की लागतो, आणि त्यात पुरुषही मोजायचे.

आजारपणाच्या रजेत गफलत होते ती काळाची. विमाधारकाला ७० टक्के वेतन वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, पण त्यासाठी ठरलेल्या सहामाही वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. फेब्रुवारीत कामगार आजारी पडला, की कार्यालय डिसेंबरची हजेरी काढून बसते. बघायचा असतो एप्रिल ते सप्टेंबर. त्या सहा महिन्यांत ठेकेदाराने वर्गणी भरलीच नसेल, किंवा आधारवर 'सुनीता' आणि विमा नोंदीत 'सुनिता' असेल, तर दावा अडकतो. म्हणून दर महिन्याच्या १५ तारखेला वर्गणी भरली, की त्याच दिवशी ठेकेदाराकडून नावानिशी चलन मागून घ्या आणि हजेरीशी ताडून पाहा.