एचआयव्हीसोबत टीबी: तपासणी आणि गोळ्यांची वेळ

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) केंद्रात गोळ्या घ्यायला जाल तेव्हा दर वेळी चार गोष्टी सांगा: खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. खोकला दोन आठवड्यांचा होण्याची वाट पाहू नका. एचआयव्ही असताना तपासणीसाठी एका दिवसाचा खोकलाही पुरेसा आहे.

एचआयव्हीत बेडक्यात जंतू कमी असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते सुटतात. एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. म्हणून जंतूंची जनुके शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीच मागा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभे राहून दोनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून किमान २ मिली बेडका डबीत घ्या. नमुना बहुतेक वेळा इथेच बिघडतो: डबीत नुसती थुंकी जाते आणि आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येतो.

टीबी निघाला तर आधी त्याची औषधे सुरू होतात, एआरटी चालू नसेल तर ती साधारण दोन आठवड्यांत. मेंदूच्या टीबीत मात्र डॉक्टर मुद्दाम थांबतात. टीबीचे औषध रिफॅम्पिसिन हे एआरटीतल्या डोल्युटेग्राविरचा परिणाम घटवते, म्हणून डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांच्या अंतराने लागते. टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे. ही गोळी चिठ्ठीवर आहे का, विचाराच. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होईल, घाबरू नका.

एआरटीच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा गाठी वाढल्या तर गोळ्या स्वतःहून बंद न करता केंद्र गाठा.

टीबी नसेल तर प्रतिबंधक उपचार मागून घ्या. द्राक्षाच्या कामासाठी गाव सोडणाऱ्यांनी निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) जवळ ठेवावा; औषधे दुसरीकडेही मिळतात.