जुन्या फ्लॉपी ड्राइव्हचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तेच झालं. नाशिकच्याच सातपूरहून एक मुलगा सव्वापाच इंची ड्राइव्ह पिशवीत घालून आला. अंबड लिंक रोडच्या भंगारातून कुणीतरी आणून माळ्यावर टाकलेला, स्वतःचा सप्लाय असलेला जुना डबा. "काका, चांगला होता हो. प्लग लावला आणि पाच मिनिटांत धूर आला." चांगला होता म्हणजे दिसायला चांगला होता. तीस वर्षं वीज न बघितलेल्या सप्लायला त्याने थेट २३० व्होल्ट दिले.

"आधी चालतो का बघू, मग उघडू" ही घाई मला सहन होत नाही. आधी उघडा. मेन्सच्या बाजूला धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा, पिवळसर पारदर्शक आवरणातला चौकोनी कपॅसिटर दिसला आणि आवरणावर बारीक भेगा असल्या, तर तो काढूनच टाका. भेगांतून पावसाळ्याची ओल आत शिरते, कागद ती पितो आणि वीज मिळाली की तापून धूर सोडतो. तो जळाल्यावरही सप्लाय बहुधा चालू राहतो, म्हणून लोक तसाच वापरतात. त्याच्या जागी तेवढ्याच मूल्याचा, एक्स-टू (X2, मेन्सवर बसवायच्या सुरक्षित कपॅसिटरची खूण) छाप असलेला, २७५ व्होल्ट एसीचाच कपॅसिटर बसवा. ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर तिथे चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मग पहिली वीज सिरीज बोर्डातूनच. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी नको. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. नाशिकमधल्या कुठल्याही वायरमनकडे हा बोर्ड असतो, पण कॉम्प्युटरवाल्या पोरांना तो जुनाट वाटतो.

आणि ड्राइव्ह जोडायचा नाही. पाच व्होल्टवर ४.७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा. साधारण एक अँपिअर ओढतो, चांगला तापतो, लाकडावर ठेवू नका. बारा व्होल्टवर स्कूटरचा १० वॉटचा इंडिकेटर बल्ब. बरेच स्विचिंग सप्लाय (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्ट बनवणारे) लोडशिवाय सुरूच होत नाहीत किंवा भलतेच आकडे दाखवतात, म्हणून रिकाम्या वायरींवर मोजलेल्या पाच व्होल्टला मी काडीची किंमत देत नाही. अर्धा तास या लोडवर स्थिर राहिला, तरच ड्राइव्ह. सप्लायचे भाग पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणता येतात. ड्राइव्हचं डिस्क वाचणारं हेड कुठून आणणार?

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. प्रीसेट, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, फिरवणं.

सिडकोतल्या एका हौशी गृहस्थांचा ड्राइव्ह आठवतो. त्यांनी ड्राइव्हच्या बोर्डावर मोजलं तर ४.६ व्होल्ट. सप्लायच्या पट्टीवर छोटा प्रीसेट दिसला, तो स्क्रूड्रायव्हरने फिरवून त्यांनी बोर्डावर बरोबर पाच आणले आणि समाधानाने झाकण लावलं. पण अशा सप्लायमध्ये नियंत्रण बहुधा पाच व्होल्टच्या लाइनवर असतं आणि बाराची लाइन तिच्यामागे फरफटत जाते. पाच वाढवले की बाराही वाढले. मोटर थांबलेली असताना ते चौदाच्या घरात गेले. ड्राइव्हच्या बाराच्या लाइनवर १६ व्होल्टचा टँटॅलम कपॅसिटर होता, म्हातारा. तो शॉर्ट झाला आणि शेजारचा ट्रॅक घेऊन जळाला.

मी ड्राइव्ह उघडला, सप्लाय मूळ जागी आणला आणि मल्टीमीटरचा एक प्रोब चार पिनी कनेक्टरच्या वायरीवर, दुसरा त्याच पिनेच्या बोर्डाकडच्या टोकावर ठेवला. लाल वायरीवर ०.२५ व्होल्ट, काळीवर ०.१५. चाळीस शतांश व्होल्ट निव्वळ काळ्या पडलेल्या पिनांत जात होते. पिना घासून, आतल्या पत्र्याच्या नळ्या बारीक चिमट्याने किंचित आवळून बसवल्या आणि बोर्डावर ४.९८ आले. दहा मिनिटांचं काम. व्होल्ट कमी दिसले तर आधी ते कुठे हरवतात ते शोधा. प्रीसेटवर मी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतो, म्हणजे कुणी हात लावला की कळतं.

टँटॅलमचा विषय निघालाच आहे तर: त्याच्यावरची पट्टी प्लसची असते, अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवरची मायनसची. काढण्यापूर्वी फोटो काढा.

"सगळे कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) बदलले, तरी सुरू होत नाही" असं म्हणणाऱ्यांनी सगळे बदललेले नसतात, मोठे बदललेले असतात. जानेवारीत एक सप्लाय आला होता. सकाळी नुसती टिकटिक, दुपारी एक वाजता व्यवस्थित चालू. निफाडकडे पारा उतरला की आपल्याकडेही गारठा पडतो आणि थंडीत सुकत आलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध आणखी वाढतो. मेन्स बाजूला, तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून एक ४७ मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर उभा होता. कंट्रोल सर्किटला सुरुवातीची वीज तोच देतो. त्याच्यावर हेअर ड्रायर धरला, सप्लाय लगेच उठला. १०५ अंशांचा नवा बसवला. तीस वर्षं शेकून निघणारा तोच असतो, पण आकाराने लहान म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायची तऱ्हा वेगळी. १९८२ च्या कमोडोर १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, ७८०५ आणि ७८१२ (पाच आणि बारा व्होल्टचे रेग्युलेटर) सगळं ड्राइव्हच्या पोटातच आहे. ७८०५ ला इनपुटवर पाचापेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात. फिल्टर कपॅसिटर सुकला की सेकंदाला शंभर वेळा इनपुट त्याखाली जातं. मल्टीमीटर सरासरी ४.९ दाखवतो, डिस्क मात्र वाचताना अडखळते. मग लोक हेडची अलाइनमेंट बिघडली समजून हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू ढिले करतात, आणि जी अलाइनमेंट बरोबर होती तीही घालवतात. मल्टीमीटर एसीवर टाकून पाचाची लाइन बघा. मी काही मिलिव्होल्टच्या वर गेलं की फिल्टर कपॅसिटर काढतोच, आणि रेग्युलेटर तापत असेल तर त्याखालची वाळलेली पेस्टही बदलतो.

परदेशातून आलेल्या डब्याचा मागचा स्विच ११५ व्होल्टवर नाही ना, हे प्लगला हात लावण्यापूर्वी बघा.

फ्यूजच्या जागी तार लावलेला सप्लाय माझ्याकडे आणला, तर आधी फ्यूज बसेल, मगच पुढचं बोलणं.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सप्लायला दोष देण्याआधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. बऱ्याच जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते.

राहिला मोठा कपॅसिटर. स्विचिंग सप्लायच्या मेन्स बाजूच्या त्या डब्यात ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे मी पाहिलेत. त्यात ट्रॅक उडतो, कपॅसिटर दुखावतो आणि हात भाजतो. मी होल्डरमधल्या १०० वॉटच्या बल्बच्या दोन वायरी टोकांना लावतो, दोन मिनिटं थांबतो, मल्टीमीटरने शून्य बघतो. चहा घेऊन आल्यावर पुन्हा बघतो, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडे व्होल्ट परत वर आणतो. मग डावा हात पाठीमागे ठेवून सोल्डरिंग आयर्न उचलतो.