वाचकाला लिहिते कसे करावे

लेख वाचणारे पुष्कळ असतात, पण वाचून झाल्यावर लेखकाला दोन ओळी लिहिणारे मोजकेच असतात. नियमाने लिहिणारी माणसे या तफावतीमुळे लवकर नाउमेद होतात, म्हणून आधी आपली अपेक्षा रास्त करून घ्यावी. संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता : इंटरनेटवरील बहुतेक समूहांत शंभरातील नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून काही लिहितात आणि उरलेला एकच जण सातत्याने लिहितो. प्रत्येक ठिकाणी हे आकडे असेच येतील असे नाही, परंतु शांतता म्हणजे नापसंती नव्हे एवढे त्यातून निश्चित कळते. न लिहिणारा वाचक बहुधा उदासीन नसतो. नेमके काय लिहावे आणि लिहिलेले कोणी वाचेल का, हे त्याला उमगलेले नसते. या दोन शंका दूर करणे लेखकाच्या हातात आहे.

सुरुवात लेखापासूनच करावी लागते. ज्या लेखात सगळ्या बाजू मांडून, सगळ्या शंका फेडून, निष्कर्षावर शिक्कामोर्तब केलेले असते, त्याला ‘छान लिहिले आहे’ याखेरीज काय उत्तर देणार? जिथे आपले स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही, जिथे आपला अनुभव एकाच बाजूचा आहे, ती जागा लेखात मोकळेपणाने दाखवावी. मात्र मुद्दाम काहीतरी अर्धवट सोडू नये. ती युक्ती वाचकाच्या लगेच लक्षात येते आणि एकदा विश्वास उडाला की तो सहजासहजी परत बसत नाही.

लेखाच्या शेवटी प्रश्न विचारावा, हा सल्ला सगळेच देतात. कसा प्रश्न विचारावा, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. समजा, मोठेपणी पोहायला शिकण्यावर लेख आहे. त्याखाली ‘तुम्हाला काय वाटते?’ असे लिहिले, तर वाचकाला आधी विषय निवडावा लागतो, मग मत बनवावे लागते, मग ते मांडण्याजोगे आहे का हे ठरवावे लागते, आणि एवढ्यात तो दुसरीकडे वळतो. त्याऐवजी ‘पाण्यात तोंड बुडवण्याची भीती तुमच्या मनातून कशामुळे गेली?’ असे विचारले, तर पोहता येणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. प्रश्न मताचा नसून आठवणीचा असावा, त्याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत मावावे आणि ते देण्यासाठी जाणकार असण्याची गरज पडू नये. प्रश्न एकच विचारावा, कारण चार प्रश्न मांडले की ती परीक्षेची प्रश्नपत्रिका वाटू लागते. प्रश्नापाठोपाठ आपले स्वतःचे उत्तर एका ओळीत देऊन ठेवणेही उपयोगी पडते, कारण किती लिहायचे आणि कोणत्या सुरात लिहायचे याचा अंदाज त्यावरून येतो. कोऱ्या जागेचा संकोच अनेकांना असतो. समोर नमुना असला की तो बराच ओसरतो.

लिहिण्याची इच्छा झाल्यावर वाटेत अडथळे नसावेत. खाते उघडा, पासवर्ड ठरवा, धूसर चित्रातील अक्षरे ओळखा, अशा पायऱ्या मध्ये आल्या की उत्साह मावळतो. आपण स्वतः अनोळखी वाचक म्हणून, मोबाइलवरून, आपल्याच लेखाला उत्तर पाठवून पाहावे. कुठे अडते ते लगेच कळते. नाव उघड करण्याची सक्ती तर शक्यतो टाळावी. लंडनमध्ये जॉन डंटन यांनी १६९१ मध्ये सुरू केलेले ‘अथेनियन मर्क्युरी’ हे नियतकालिक वाचकांच्या प्रश्नांवरच चालत होते आणि प्रश्न विचारणाऱ्याला नाव गुप्त ठेवता येत असे. त्यामुळे विज्ञान आणि धर्म यांच्या जोडीने प्रेम आणि विवाह यांविषयीचे प्रश्नही त्याच्याकडे येत. संकोचाच्या विषयावर लिहिणाऱ्याने ही सवलत अवश्य द्यावी.

माझ्या मते सर्वाधिक फरक पडतो तो लेखकाच्या उत्तराने. एखाद्या वाचकाने लिहिले, ‘माझी आई साठी उलटल्यावर पोहायला शिकली.’ त्यावर ‘धन्यवाद!’ एवढेच उत्तर दिले, तर संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी ‘आईंना शिकवले कोणी? पहिल्यांदा खोल पाण्यात उतरताना त्या काय म्हणाल्या?’ असे विचारले, तर तो वाचक हमखास परत येतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काही न लिहिता हे वाचत असलेल्या इतरांना कळते की इथे लिहिलेले मनापासून वाचले जाते. म्हणून लेख प्रसिद्ध झाल्यावर पहिले एक-दोन दिवस उत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा. ज्या दिवशी आपल्याला उसंत नाही, त्या दिवशी लेख प्रसिद्ध करण्याची घाईच करू नये. वाचकाने सांगितलेली एखादी गोष्ट पुढच्या लेखात घ्यावी आणि त्याची हरकत नसेल तर तिथे त्याचा उल्लेख करावा. बक्षिसे आणि सोडती यांहून हा मान कितीतरी टिकाऊ असतो.

मतभेदाचे स्वागत करणे अवघड असते, पण त्यावाचून चर्चा रंगत नाही. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानून लेखात दुरुस्ती करावी. वेगळे मत मांडणाऱ्याला आधी त्याचे म्हणणे आपल्याला कसे समजले ते सांगावे आणि मगच आपली बाजू मांडावी. व्यक्तीवर घसरणारी, दुसऱ्या वाचकाचा अपमान करणारी भाषा मात्र विनाविलंब काढून टाकावी, कारण एक उर्मट माणूस सांभाळण्याच्या नादात दहा सौम्य माणसे कायमची गप्प होतात. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे दोन वाक्यांत आधीच लिहून ठेवले तर पुढचे वाद टळतात.

खोट्या नावांनी स्वतःच लिहिणे किंवा स्नेह्यांकडून स्तुती मागवणे हे मार्ग वर्ज्यच मानावेत. काही वाचक चारचौघांत न लिहिता खासगी निरोप पाठवतात आणि कित्येकदा सर्वांत मोलाचे म्हणणे त्यातच असते. अशा वाचकाला सविस्तर उत्तर द्यावे आणि ‘हे इतरांनाही उपयोगी पडेल, तुमच्या नावाने किंवा नावाशिवाय सर्वांसमोर ठेवू का?’ असे विचारावे. त्याने नकार दिला तर तो विषय पुन्हा काढू नये.