टर्बो पेट्रोल गाडीचं इंजिन आणि एक्झॉस्ट: कोणते अपग्रेड घ्यावेत, कोणत्या क्रमाने

पोलो जीटी टीएसआय किंवा व्हर्टस जीटी हातात आली की पहिला प्रश्न येतो तो ‘किती हॉर्सपॉवर वाढेल?’ त्याच्या आधी गिअरबॉक्स किती टॉर्क झेपवतो ते बघा. व्हर्टस जीटीचं 1.5 लिटर इंजिन मुळातच 250 न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि त्याला जोडलेल्या सात गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; डीक्यू200, ड्राय क्लच) मर्यादाही 250 च आहे. हाच गिअरबॉक्स जुन्या 1.2 लिटर पोलो जीटीमध्ये 175 न्यूटन-मीटरवर चालतो, म्हणून तिथे रिमॅपला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलण्याला) जागा आहे. व्हर्टस डीएसजीमध्ये नाही.

पण टॉर्कचं शिखर न वाढवताही ताकद वाढवता येते, आणि ट्यूनरकडून (रिमॅप करून देणाऱ्याकडून) नेमकं हेच मागून घ्यायचं. पीएसचा हिशेब सोपा आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले 7024. 5,500 आरपीएमला 150 पीएस म्हणजे तिथे टॉर्क साधारण 191 च उरलेला असतो. तोच 230 वर धरून ठेवला तर 180 पीएस होतात आणि क्लचवर 250 च्या वर काही जात नाही. तेव्हा ‘1,500 ते 3,000 मध्ये टॉर्क कंपनीइतकाच ठेवा, वाढ वरच्या आरपीएमला द्या’ असं स्पष्ट सांगा. ट्यूनर ग्राफ दाखवायला तयार नसेल तर दुसरा ट्यूनर शोधा. वर टॉर्क धरताना टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं, म्हणून रिमॅपची फाइल टाकल्यावर पुन्हा लॉगिंग (गाडी चालताना सेन्सरचे आकडे नोंदवणं) करून घेणं हा कामाचाच भाग समजा.

खालच्या आरपीएमला टॉर्क नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात, वरच्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमला पूर्ण अॅक्सलरेटर दाबला की स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. असा एकच जोरदार धक्का पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या मधली कड) फोडायला पुरतो. बाटलीवर एपीआय एसपी लिहिलेलं ऑइल वापरा. ते मानक ठरवताना हा त्रास लक्षात घेतलेला आहे. मात्र ग्रेड आणि कंपनीची मान्यता मॅन्युअलप्रमाणेच हवी.

एकही पार्ट विकत घेण्याआधी गाडी निरोगी आहे का ते तपासा. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा स्कॅनर जोडा आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये 2,000 ते 6,000 आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटलने एक लॉग घ्या. त्यात मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब), प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (ठिणगी किती अंश उशिरा पडते ते), इनटेक हवेचं तापमान, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि रेलचं फ्युएल प्रेशर हवं. सगळे सिलिंडर थोडेफार रिटार्ड दाखवत असतील तर आधी पेट्रोल किंवा हवेच्या तापमानाकडे बघा. एकच सिलिंडर दर वेळी तीन-चार अंश मागे येत असेल तर त्याचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर तपासा. बूस्ट मागितल्यापेक्षा कमी मिळत असेल तर बहुतेक वेळा होज किंवा क्लॅम्प गळत असतो. अशा गाडीवर रिमॅप टाकला तर टर्बो ती गळती भरून काढण्यासाठी अधिक वेगाने फिरतो आणि लवकर जातो.

बूस्ट वाढणार असेल तर प्लग एक हीट रेंज थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा घ्या (एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड) आणि गॅप 0.6 ते 0.7 मिमी ठेवा. गॅप जास्त राहिली की दाट हवेत ठिणगी विझते आणि पूर्ण थ्रॉटलला मिसफायर येतो. प्लग थंड इंजिनावर, टॉर्क रेंचनेच बसवा. पेट्रोलचंही तसंच. फाइल 95 ऑक्टेनवर बेतलेली असेल तर कायम तेवढं किंवा त्याहून जास्त ऑक्टेन भरा. 100 ऑक्टेनची फाइल टाकून तालुक्याच्या पंपावर मिळेल ते पेट्रोल भरायचं असेल तर ती फाइल घेऊच नका.

इनटेकवर फार पैसे घालू नका. मूळ एअरबॉक्समध्ये चांगला पॅनेल फिल्टर पुरतो. उघडा कोन फिल्टर आवाज छान देतो, पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो: हवा 30 वरून 60 अंशांवर गेली की तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. बंपरमध्ये खाली उतरवलेला इनटेक तर मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात नकोच. एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. तेच पैसे मोठ्या इंटरकूलरला द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पूर्ण थ्रॉटलच्या तिसऱ्या-चौथ्या धावेनंतरही ताकद टिकते ती त्याच्यामुळे.

एक्झॉस्टमध्ये टर्बो गाडीचा अडथळा असतो तो टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइप आणि कॅटमध्ये (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर). मागचा सायलेन्सर बदलून आवाज बदलतो, ताकद जेमतेम वाढते. कॅट काढून टाकू नका: चेक इंजिन लाइट (पी0420) लागतो, धूर विषारी होतो आणि मोटार वाहन कायद्यानेही ते चालत नाही. बेकायदा बदलासाठी कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 200 सेलचा (चौरस इंचाला 200 छिद्रांचा) हाय-फ्लो कॅटही फक्त ट्रॅकच्या गाडीसाठीच ठेवा.

पाइप 1.0 ते 1.5 लिटरला 2 ते 2.25 इंच, 2.0 लिटर टर्बोला 2.5 ते 3 इंच पुरे. बेंड मँड्रेलचेच (आतून आधार देऊन वाकवलेले) घ्या. साध्या मशिनवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो. किनारपट्टीवर 304 ग्रेडचं स्टेनलेस घ्या, 409 ग्रेडवर तांबूस गंज लवकर दिसतो.

हायवेवर डोकं उठवणारी घरघर मोजून घालवता येते. चार सिलिंडर इंजिनात फायरिंगची फ्रिक्वेन्सी म्हणजे आरपीएम भागिले 30 (तीन सिलिंडरला भागिले 40). घरघर 2,400 ला असेल तर ती 80 हर्ट्झ. पाइपला एका टोकाने बंद अशी बाजूची नळी वेल्ड करायची, लांबी ध्वनीचा वेग भागिले चार पट फ्रिक्वेन्सी. नळीतली हवा 100 अंशांच्या आसपास धरली तर वेग 387 मीटर प्रति सेकंद, म्हणजे लांबी सुमारे 1.2 मीटर. थोडी लांब ठेवा, गाडी चालवून बघा, मग कापत आणा.

बसवल्यावर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा प्रत्येक जोड थंड इंजिनावर साबणाच्या पाण्याने तपासा. तिथून बाहेरची हवा आत शिरली तर सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. 500 किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि पाइप सबफ्रेमला कुठे घासतोय का ते गाडी लिफ्टवर घेऊन, इंजिन हलवून बघा.