टर्मिनलवरून पायथन कसं चालवायचं: आधी समोरचा प्रॉम्प्ट ओळखा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या बऱ्याच व्हिडिओंत एखादा भलामोठा एडिटर उघडून हिरवं बटण दाबायला सांगतात. प्रोग्राम चालतो, पण तो कोणी चालवला, कुठल्या फोल्डरमधून चालवला, हे पडद्याआडच राहतं. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. त्यासाठी फार काही लागत नाही. एक सवय मात्र लागते: काहीही टाइप करण्याआधी ओळीच्या सुरुवातीला काय दिसतंय ते (म्हणजेच प्रॉम्प्ट) बघायचं.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा, चिन्हं जशीच्या तशी ठेवा.

१. टर्मिनल उघडा

विंडोजवर स्टार्ट मेनूत पॉवरशेल शोधा. मॅकवर कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबून टर्मिनल शोधा. उबुंटूवर कंट्रोल-ऑल्ट-टी.

२. पायथन आहे का ते बघा

मॅक आणि लिनक्सवर:

पायथन३ --व्हर्जन

विंडोजवर:

पीवाय --व्हर्जन

आवृत्तीचा आकडा आला की झालं. नावाला ३ का चिकटलाय? पायथन २ आणि ३ अनेक वर्षं एकाच मशीनवर नांदत होते, तेव्हाची ही सोय. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, ३ मात्र नावाला चिकटून राहिला.

विंडोजवर पायथन नसताना नुसतं ‘पायथन’ टाइप केलं तर कधीकधी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. घाबरू नका, ती विंडोजचीच करामत आहे. पायथनच्या साइटवरचा नेहमीचा इन्स्टॉलर वापरत असाल, तर पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये जोडण्याचा चौकोन असतो. त्यात टिक करा. पाथ म्हणजे कमांडचा प्रोग्राम कुठकुठल्या फोल्डरांत शोधायचा याची यादी. इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनल बंद करून नव्याने उघडा, कारण आधीच्या खिडकीकडे जुनीच यादी असते.

३. इंटरप्रिटर सुरू करा

इंटरप्रिटर म्हणजे तुमच्या ओळी वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम. आता पुढे काहीही न जोडता नुसतं पायथन३ (विंडोजवर पीवाय) टाइप करून एंटर दाबा. ओळीच्या सुरुवातीला तीन बाण येतील:

>>>

इथून पुढे तुम्ही थेट पायथनशी बोलताय. २ ** १००, म्हणजे २ चा शंभरावा घात, विचारा:

१२६७६५०६००२२८२२९४०१४९६७०३२०५३७६

३१ आकडी उत्तर, तेही पूर्ण. ०.१ + ०.२ विचारलंत तर मात्र ०.३०००००००००००००००४ येईल. हा पायथनचा दोष नाही, दशांश अपूर्णांक बायनरीत साठवताना असा फरक पडतोच. आधीचं उत्तर पुढे वापरायचं असेल तर अंडरस्कोअर लिहा: _ * २.

आता थोडी मराठी गंमत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (ज्यात किंमत साठवतो त्या डब्याचं) नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे गाव = "पुणे" हे खरोखर देवनागरीत टाइप करा, काही बिघडत नाही. मग लेन(गाव), म्हणजे त्याची लांबी, विचारा. उत्तर ४ येतं, कारण प, उकार, ण आणि मात्रा हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. देवनागरी आकडे मात्र सरळ हिशेबात वापरले की सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांतली चूक) येते. तेच आकडे अवतरणचिन्हांत घालून इंट("१२") असे दिले, तर पायथन निमूटपणे त्यांची संख्या करून देतो.

कोलन देऊन इफ किंवा फॉर सुरू केलंत की बाणांच्या जागी तीन टिंबं येतात. पायथन पुढच्या ओळीची वाट बघतोय. चार स्पेस सोडून लिहा, आणि संपलं की रिकाम्या ओळीवर एंटर दाबा.

४. बाहेर पडा

एक्झिट() टाइप करा. मॅक-लिनक्सवर कंट्रोल-डी चालतं, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर. आवृत्ती ३.१३ पासून कंस नाही दिले तरी चालतं.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथेच. तीन बाण दिसत असताना ‘पायथन३ हिशेब.पीवाय’ टाइप केलं तर सिंटॅक्स एररच येणार, कारण ही पायथनची भाषा नाही, शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड ऐकणाऱ्या प्रोग्रामची, कमांड आहे. उलट डॉलरच्या (मॅकवर टक्क्याच्या) चिन्हापुढे किंवा विंडोजच्या फोल्डरच्या पत्त्यापुढे प्रिंट(...) लिहिलंत तर शेल कुरकुरणार. एरर आली की कोडकडे बघण्याआधी प्रॉम्प्टकडे बघा.

५. फाइल चालवा

नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहा आणि हिशेब.पीवाय या नावाने सेव्ह करा (फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा). ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नोटपॅड शेवटी .टीएक्सटी चिकटवतं आणि तुम्ही फाइल शोधत बसता. मग सीडी कमांडने त्या फोल्डरमध्ये जा आणि फाइल चालवा (विंडोजवर इथे आणि पुढेही पायथन३ च्या जागी पीवाय; लिनक्सवर डॉक्युमेंट्सचं पहिलं अक्षर मोठं):

सीडी डॉक्युमेंट्स
पायथन३ हिशेब.पीवाय

‘नो सच फाइल’ आलं तर फोल्डर चुकलाय. सीडी आणि एक स्पेस टाइप करून फोल्डर माउसने ओढून टर्मिनलवर सोडला तर पूर्ण पत्ता आपोआप उमटतो.

फाइलमध्ये नुसतं २ + ३ लिहिलंत तर पडद्यावर काहीच येत नाही. बाणांपुढे उत्तर आपोआप दिसतं, फाइलमध्ये प्रिंट सांगावं लागतं. लांबलचक ट्रेसबॅक (एरर कुठे आली ते सांगणारा मजकूर) आला तर शेवटची ओळ आधी वाचा, चुकीचा प्रकार तिथे असतो. ओळ क्रमांक त्याच्या जरा वर सापडतो. प्रोग्राम थांबतच नसेल तर कंट्रोल-सी.

६. तीन उपयोगी स्विच

स्विच म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय. -सी ने फाइल न बनवता एखादी ओळ चालवता येते:

पायथन३ -सी "प्रिंट(३६५ * २४)"

-एम ने पायथनसोबत आलेली मॉड्यूल्स (तयार कोडच्या फाइली) चालतात. पायथन३ -एम कॅलेंडर २०२६ म्हटलं की अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर समोर. पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर म्हटलं की चालू फोल्डर ८००० पोर्टवर (नेटवर्कवरच्या या क्रमांकाच्या दारावर) खुला होतो आणि त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून फाइल उतरवता येते. पण त्या नेटवर्कवरच्या कोणालाही तो फोल्डर दिसू शकतो, तेव्हा कॅफेत हा उद्योग नको.

माझा लाडका मात्र -आय. पायथन३ -आय हिशेब.पीवाय दिलं की फाइल चालून संपते, अगदी एरर येऊन पडली तरी, आणि समोर पुन्हा तीन बाण येतात. वरच्या पातळीवरची (फंक्शनच्या बाहेरची) सगळी व्हेरिएबल्स तेव्हा जिवंत असतात. नाव टाइप करा, एंटर दाबा आणि गडबड झाली तेव्हा त्यात नेमकं काय होतं ते बघा.